बर्फातल्या घराचं अंगण

आमच्या साहेबांना दर वर्षी नोव्हेंबर संपता संपता बर्फाची आठवण यायची. चेन्नईत तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो, पारा बावीसवर उतरला की लोक माकडटोप्या घालून दूध आणायला निघतात, आणि दुपारी पुन्हा घामाने शर्ट पाठीला चिकटतो. साहेब मात्र एग्मोरच्या आमच्या ऑफिसात एसी अठरावर लावून खिडकीशी उभे राहायचे आणि खालच्या गर्दीकडे पाहत म्हणायचे, "आपल्या तिकडे आता पहिला बर्फ पडून गेला असेल."

आपल्या तिकडे म्हणजे अमेरिकेच्या वरच्या टोकाचं एक गाव. तिथे ते दोन वर्षं शिकायला होते. त्याआधीची तेवीस वर्षं सोलापुरात गेली होती, पण सोलापूरला त्यांनी कधी 'आपलं' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

त्या दोन वर्षांबद्दल एकदा, एका पार्टीत, ते चुकून खरं बोलले होते. चार जणांबरोबर एका तळघरात राहायचे. खिडकी जमिनीच्या पातळीवर, ती डिसेंबरात बर्फाने बुजायची आणि भरदिवसा दिवा लावावा लागायचा. नाताळात गाव रिकामं व्हायचं, खाणावळ बंद, मग दहा दिवस पाव आणि घरून आलेलं लोणचं. हे सांगून झाल्यावर ते स्वतःच विसरले असावेत, कारण नंतर कधी तळघराचा उल्लेख आला नाही. त्यांच्या आठवणीत उरलं ते एक घर, ज्यात ते कधी राहिले नव्हते.

ते घर एका ग्रीटिंग कार्डावर होतं आणि ते कार्ड साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली. उतरतं छप्पर, त्यावर जाड बर्फ, धुराड्यातून वर जाणारा धूर, खिडकीत पिवळा उजेड, दारावर पानांचं कडं, बाजूला सूचीचं झाड आणि पुढे अर्धवट बुडालेलं कुंपण. माणूस एकही नाही. असल्या चित्रांत माणूस नसतोच. माणूस आला की त्याला सर्दी होते, त्याचं बायकोशी भांडण होतं, आणि चित्राची शोभा जाते. कंपनीत नवीन आलेल्या प्रत्येकाला साहेब ते कार्ड दाखवायचे आणि "घर म्हणजे हे" असं सांगायचे. नवीन माणूस मान डोलवायचा. मीही डोलावली होती.

दोन हजार पाच किंवा सहा सालची गोष्ट. आमची कंपनी मोटारींच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवायची. कारखाना आवडी नावाच्या उपनगराच्या पुढे, ऑफिस एग्मोरला. मी इंजिनियर होतो, मूळचा साताऱ्याचा, आणि त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पुण्याच्या शाखेत बदली. लग्न ठरलं होतं. मुलगी पुण्यात शाळेत शिकवायची. पहिल्याच भेटीत तिने सांगितलं होतं, "नोकरी मी सोडणार नाही. तुम्ही इकडे या." तिच्या वडिलांनी ते वाक्य जरा गुळगुळीत करून त्याला मुदत जोडली: डिसेंबरअखेर बदलीचं पत्र हातात असावं, नाहीतर दोन्ही घरं मोकळी. माझा अर्ज ऑगस्टपासून साहेबांकडे पडून होता. फक्त सही हवी होती. विचारलं की साहेब म्हणायचे, "बघू." हे 'बघू' म्हणताना ते माझ्याकडे कधीच बघत नसत.

त्या डिसेंबरात आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून एक पाहुणा अमेरिकेहून येणार होता. साहेबांनी ठरवलं की ऑफिसात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर त्या कार्डातलं घर असलं पाहिजे. चार फूट बाय तीन. हाताने रंगवलेलं. नाताळच्या दोन दिवस आधी पाहुण्याच्या हस्ते अनावरण.

"त्याला वाटलं पाहिजे, आपण घरी आलो," साहेब म्हणाले. "पण काढणार कोण? इथले पेंटर म्हणजे सिनेमाची पोस्टरं. बर्फात हिरो उभा करतील."

आणि मी म्हणालो, आमचे घरमालक चित्रं काढतात. गप्प बसायला हवं होतं.

"काढून घे मग," साहेब म्हणाले. "हे नीट झालं की तुझ्या कागदाचं बघतो."

मी राहायचो तिरुवल्लिकेणी भागात. पहिलं वर्ष तिथल्या एका 'मॅन्शन'मध्ये काढलं. नाव मोठं असलं तरी ती सड्याफटिंग माणसांची चाळ होती. मग दोन गल्ल्या सोडून मास्तरांच्या घरात माडीवरची खोली मिळाली. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. घरात ते आणि त्यांची बायको, तिला मी अम्मा म्हणायचो. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर तंजावरला आलेली आणि परत जायचं राहून गेलेली ती मराठी मंडळी. त्यांची मराठी ऐकताना जुनं दफ्तर वाचल्यासारखं वाटायचं, फक्त मधूनमधून तमिळ शब्द यायचे आणि वाक्याचा शेवट तमिळ सुरात वर जायचा. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. मला ते तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. "तंबी, तुम्ही बोलतां तें तारेसारखें," ते मला एकदा म्हणाले. "शब्दागणिक पैसे पडतात काय?"

त्यांची चित्रं तंजावरी पद्धतीची. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लगदा लावून दागिने आणि खांब उठावाचे करायचे, त्यावर सोन्याचा वर्ख. आयुष्यभर त्यांनी देव काढले होते. मी कार्ड पुढे ठेवलं तेव्हा त्यांनी ते बराच वेळ हातात धरलं.

"देव कोठें आहे ह्यांत?"

"नाही. नुसतं घर आहे. नाताळचं."

"बरें. सणाचें घर." त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "हा बर्फ ओला असतो कीं कोरडा?"

मी फ्रीजमधला बर्फ पाहिला होता. त्यांनी उसाच्या रसात घालायचा पाहिला होता. शेवटी मी साहेबांना विचारलं. साहेबांनी डोळे अर्धे मिटले आणि म्हणाले, "ते शब्दांत सांगता येत नाही." मी घरी येऊन सांगितलं, कोरडा असतो.

तीन आठवडे मास्तर त्या फळीपुढे बसले. छपरावरचा बर्फ त्यांनी खडूच्या लगद्याचा केला, बोटभर जाड, कडेला ओघळलेला. एरवी ज्या लगद्याचे देवाचे मुकुट व्हायचे त्याचा आता गारठा होत होता. खिडकीतल्या उजेडाला खरा वर्ख लावला. अम्मा कॉफी घेऊन यायची, बघायची आणि म्हणायची, "दहीभात लिंपला आहे कौलांवर." मास्तर आणखी एक थर चढवायचे. ते चित्र मला आवडत नव्हतं, पण मास्तरांनी त्यात जीव ओतला होता हे दिसत होतं. देवांच्या चित्रांखाली त्यांनी कधी सही केली नव्हती. ह्याच्या कोपऱ्यात केली.

चित्र पुरं झालं त्या दिवशी मी ते नीट पाहिलं. घर कार्डातल्यासारखंच होतं. पण दारापुढचा बर्फ मास्तरांनी झाडून टाकला होता. तिथे ओली तपकिरी जमीन होती, सडा घातल्यासारखी, आणि तिच्यावर पांढऱ्या उठावाच्या रेषांची मोठी रांगोळी, इकडे जिला कोलम म्हणतात. मध्ये भोपळ्याचं पिवळं फूल. तमिळ लोकांचा मार्गळी महिना चालू होता. तिरुवल्लिकेणीत प्रत्येक दारापुढे रोज पहाटे तसंच काहीतरी उमटत होतं. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं आणि बर्फातल्या घराला जे कमी वाटलं ते दिलं.

चित्र गाडीत घालून ऑफिसात नेलं आणि साहेबांचं लक्ष जाणार नाही अशी आशा धरली. ज्या माणसाच्या टेबलावर ते कार्ड पाच वर्षं होतं त्याच्याबद्दल ही आशा धरणं मूर्खपणाचं होतं.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"रांगोळी, सर."

"ते दिसतंय मला. अमेरिकेत घराच्या दारात रांगोळी? तो माणूस तेरा हजार किलोमीटरवरून येतोय, आणि त्याला आपण काय दाखवणार? इथलं मैलापूर?"

"मास्तरांना वाटलं, सण आहे..."

"मास्तरांना काय वाटलं ते मास्तरांच्या घरी. हे गुरुवारच्या आत गेलं पाहिजे." मग त्यांनी ड्रॉवर उघडला, माझा अर्ज काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावर पेपरवेट ठेवला. "हा इथेच आहे. कुठे जात नाही. तूही जात नाहीयेस, बहुतेक."

संध्याकाळी मी मास्तरांपुढे बसलो. मुद्दा मांडायला मी तीन वेळा सुरुवात केली. शेवटी त्यांनीच मदत केली.

"कोलम काढून टाकायचा म्हणतात?"

"हो. तिकडे नसतो म्हणतात."

"तिकडे नसेल. पण घर तर घरच ना, तंबी? सकाळीं बायको उठते, दार उघडते, झाडते. सणाच्या दिवशीं दारापुढें कांहीं नसलें तर लोक काय समजतात?"

मला माहीत होतं. तीन वर्षं त्या गल्लीत राहून ते कळलंच होतं. ज्या दारापुढे रांगोळी नाही त्या घरात कोणी गेलेलं असतं. पोस्टमनसुद्धा तिथे हळू आवाजात बोलतो.

"प्रेताचें घर रंगवूं काय मी?" मास्तर म्हणाले. "आणि त्याखालीं नांव घालूं? काढून टाकायचें तर अख्खें चित्रच काढून टाका. परत आणा."

"मास्तर, माझी बदली अडकली आहे त्यात. लग्न अडकलं आहे."

त्यांनी वर्खाची डबी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तंबी, मुलगी तुमची वाट पाहत्ये. खरें आहे. पण तुमच्या साहेबाच्या सहीसाठीं मी त्या घरांत मुडदा नाहीं ठेवणार."

मी पुस्तकं बरीच वाचलेली होती. अशा वेळी उपयोगी पडेल असं त्यांतलं एक वाक्य आठवलं नाही.

बुधवारी सकाळी मास्तर देवळात गेल्यावर मी अम्माकडे गेलो. म्हणालो, चित्राच्या कोपऱ्याचा खडू थोडा उडाला आहे, लगदा मिळेल का?

"गाडींत धक्का लागला असेल," ती म्हणाली. "ह्यांस सांगूं नका. रात्रभर निजणार नाहींत." तिने वाडग्यातला लगदा एका स्टीलच्या पेल्यात काढून दिला, वरून ओलं फडकं बांधलं. "पाणी घालूं नका हां. डिंक पुरता आहे त्यांत."

जेवणाच्या सुट्टीत मी कॉन्फरन्स रूमचं दार आतून लावलं. चित्र आडवं केलं, पेल्यातला लगदा थोडा पाणी घालून पातळ केला, वर जास्तीचा डिंक घातला आणि स्टीलच्या पट्टीने त्या अंगणावर ओढला. रबरी पट्टीचा सांधा भरायला मी जसा शिकलो होतो, तसाच. वीस मिनिटं लागली. जमीन गेली, रेषा गेल्या, पिवळं फूल सगळ्यात शेवटी गेलं. दारापर्यंत सलग बर्फ झाला. समोरून बघितलं तर काम चांगलं दिसत होतं. बाजूने उजेड पडला की मात्र बर्फाखाली उठावाच्या रेषा ओळखू यायच्या. साहेबांना मी समोरून दाखवलं.

"आता कसं," ते म्हणाले. "आता घरासारखं वाटतंय."

अनावरणाच्या दिवशी एसी सोळावर होता. उभी समई पेटवायला पाहुणा पुढे आला तर हवेच्या झोताने ज्योत टिकेना. एसी बंद करायला साहेब तयार नव्हते. चार जणांनी तळव्यांचा आडोसा केला तेव्हा पहिली वात लागली, बाकीच्या चार न लावताच टाळ्या वाजल्या. रिसेप्शनवरच्या बाईंनी गणपतीचं स्तवन म्हटलं. मग शाली. चेन्नईत कुणालाही काहीही केल्याबद्दल चकचकीत शाल घालतात, त्यामुळे पाहुण्याला शाल, साहेबांना शाल, साहेबांच्या बायकोला साहेबांची बायको असल्याबद्दल शाल. साहेब बोलायला उभे राहिले. घर म्हणजे भिंती नव्हेत, हे त्यांनी भिंतीकडे हात करून सांगितलं. बर्फ माणसाला अंतर्मुख करतो, असंही म्हणाले. तळघराचा आणि लोणच्याचा विषय निघाला नाही.

मास्तर आणि अम्मा मागच्या रांगेत बसले होते. मास्तर पांढऱ्याशुभ्र धोतरात, अम्मा मोरपंखी साडीत. त्यांना निमंत्रणपत्रिका पाठवून बोलावलं होतं, कारण चित्रकार उपस्थित असणं शोभेचं होतं. चित्र पडद्याआड होतं, त्यामुळे तोवर त्यांना काही माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

पडदा सरकला. टाळ्या. पाहुणा उंच, लालसर चेहऱ्याचा, साधा माणूस, पेशाने इंजिनियरच. तो चित्राजवळ गेला आणि खरंच लक्ष देऊन बघू लागला. बाकी कोणी तसं बघत नव्हतं.

"सुंदर आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "अगदी आमच्या भागातलं घर. पण इथे राहतं कोण?"

साहेब हसले. "कोणीही. आपल्यापैकी कोणीही."

"नाही, कोणी राहत नसणार. दारापुढचा बर्फ काढलेला नाही." तो बोटाने दाखवू लागला. "आमच्याकडे सकाळी उठून पहिलं काम ते. फावडं घ्यायचं, दारापर्यंत वाट मोकळी करायची. नाताळला तर नक्कीच, माणसं येणार असतात. एखाद्या घरापुढचा बर्फ तसाच राहिला तर शेजारी जाऊन दार वाजवतात, आतलं माणूस धड आहे की नाही बघायला. माझ्या आईच्या शेजारची बाई अशीच सापडली. तीन दिवस झाले होते."

साहेबांचा चेहरा हसतच राहिला, फक्त त्यातून हसू निघून गेलं. तळघरात राहणाऱ्याला दारातला बर्फ काढावा लागत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दोन वर्षांत त्यांनी फावडं हातात धरलंच नसणार.

"कलाकाराची कल्पना," साहेब म्हणाले आणि पाहुण्याला समोशांकडे वळवलं.

मास्तर चित्रापाशी आले होते. खांद्यावर नुकतीच घातलेली शाल. त्यांनी अंगणाच्या जागी पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय म्हणाला तो दोरै?" त्यांनी विचारलं. गोऱ्या साहेबाला ते दोरै म्हणायचे.

"आवडलं म्हणाला. छान आहे म्हणाला."

"मी बत्तीस वर्षें इंग्रजी शाळेंत शिकविलें, सार."

तीन वर्षांत त्यांनी मला तंबीशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. सार म्हणजे सर. चेन्नईत तो शब्द बसचा कंडक्टरही वापरतो, त्यात काही वाईट नाही. पण मास्तरांनी तो माझ्यापुढे असा ठेवला की मी एक पाऊल मागे सरकलो.

ते वाकले आणि बाजूने बघू लागले. बर्फाखालच्या रेषांवरून त्यांनी करंगळी फिरवली. "डिंक जास्त जाहला आहे," ते म्हणाले. "तडे जातील." अम्मा त्यांच्या मागे उभी होती. तो लगदा कुठून आला हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि शाल मास्तरांच्या खांद्यावरून काढून, घडी करून, समोशांच्या टेबलावर ठेवली. मग दोघं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं.

"वाट मोकळी दाखवायला हवी होती," ते म्हणाले.

"मोकळीच होती, सर. आपण रांगोळी काढून टाकायला सांगितली."

"मी रांगोळी काढून टाकायला सांगितली. अंगण काढ म्हटलं नव्हतं. इंजिनियर आहेस ना तू? जेवढं सांगितलं तेवढं करता येत नाही?" त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "तो सोमवारी परत येणार आहे करारासाठी. त्याच्या आत त्या म्हाताऱ्याकडून नीट करून घे. रांगोळीसकट करू दे हवं तर. लोकल टच."

मी घरी गेलो. मास्तर ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, साहेबांचे शब्द गाळून. मास्तरांनी शांतपणे ऐकलं.

"सार, घरांत माणूस गेला कीं तेरा दिवस दारापुढें कोलम नाहीं," ते म्हणाले. "माणूस तुम्ही मारलां. दिवस मी पाळतों आहे. तेरा दिवस होऊं द्या. मग पाहूं."

"मास्तर, ते चित्र आहे."

"काल दोरै काय म्हणाला? शेजारी येऊन दार वाजवतात. तोहि चित्रच पाहत होता ना?"

मी ऑफिसात परत येऊन साहेबांना सांगितलं की चित्रकार तेरा दिवस लागतील म्हणतात.

साहेबांनी जाणकाराची मान हलवली. "ऑइल वाळायला लागतातच तेवढे," ते म्हणाले. त्या फळीवर तेलाचा थेंबही नव्हता. मी हो म्हटलं. मग त्यांनी पेपरवेट उचलला, माझा अर्ज ओढला आणि सही केली. इतक्या महिन्यांनी, एका ओढीत.

"पुण्यालाच जा तू," ते म्हणाले. "कला वगैरे तुझ्याच्याने होत नाही. आणि जाण्याआधी ते चित्र स्टोअररूममध्ये टाकायला सांग."

अशा रीतीने मला हवं होतं ते मिळालं. मी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "झालं? कशी काय केली त्यांनी सही?" मी म्हटलं, "एक काम करून दिलं." ती म्हणाली, "बरं झालं. बाबा उद्या हॉल बघायला जातील." आणखी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, लग्नानंतरही नाही.

उरलेले दिवस मी त्या घरात परक्यासारखा राहिलो, म्हणजे भाडेकरूसारखा. पूर्वी सकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर कॉफीचा पेला असायचा, तो बंद झाला. मास्तर दिसले की "गुड मॉर्निंग, सार" म्हणायचे, अगदी अदबीने. एवढी अदब मला आयुष्यात दुसऱ्या कोणी दाखवली नाही. दोनदा मी माफी मागायला खाली गेलो. पहिल्यांदा ते म्हणाले, "कशाबद्दल, सार?" दुसऱ्यांदा त्यांनी उत्तर देण्याऐवजी अम्माला दिवा लावायला सांगितलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळची गाडी होती. सातच्या सुमारास रिक्षा दारात आली. गल्लीत मार्गळीच्या रांगोळ्या पसरल्या होत्या, चालायला वाट नव्हती. अम्मानेही पहाटे आपल्या दारापुढे मोठी घातली होती, कमळांची, मध्ये शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं फूल. मी ट्रंक उचलून तिच्या कडेकडेने बाहेर नेली, पाय पडू नये म्हणून वाकडा चालत. रिक्षावाल्याने ती मागे बांधली.

मी परत उंबऱ्याशी आलो. मास्तर ओसरीवर पेपर वाचत होते.

"येतो, मास्तर."

त्यांनी पेपर खाली केला. "आज नववा दिवस," ते म्हणाले, आणि पेपर वर केला.

"येतो, अम्मा."

आमच्याकडे काय, तंजावरी घरात काय, येतो म्हटल्यावर 'या' म्हणतात. ती काही म्हणाली नाही. तिच्या हातात बादली होती.

मी रिक्षात बसलो. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पाठीमागे लगेच केर काढत नाहीत आणि उंबरा धूत नाहीत, हे साताऱ्यातल्या पोरालाही माहीत असतं. तसं धुतात ते तिरडी बाहेर पडल्यावर. रिक्षा अजून सुरू झाली नव्हती. अम्मा पायरीवर आली आणि तिने बादली रांगोळीवर ओतली. कमळं एका बाजूने वाहायला लागली. फूल गटारापर्यंत गेलं. मग तिने खराटा घेतला आणि मी उभा होतो तिथपासून रस्त्यापर्यंत, सावकाश, एकही रेष न ठेवता झाडून काढलं.

रिक्षावाला हॅन्डल ओढायचा थांबला होता. गल्ली संपेपर्यंत त्याने रिक्षा हळू चालवली. मग आरशातून माझ्याकडे बघत त्याने तमिळमध्ये विचारलं, "त्या घरात कोणी गेलं का, सार?"

मी हो म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला आणि सेंट्रल स्टेशन येईपर्यंत रेडिओ लावला नाही.